लाव्हा प्रवाह : छत्रपती संभाजीनगर परिसर

भूपृष्ठावर आलेल्या शिलारसास लाव्हा म्हणतात. सिलिकेचे प्रमाण अधिक असलेला लाव्हा दाट असतो. त्यात वायू कोंडतात व उद्रेक स्फोटक होतो. बेसाल्टी लाव्हा पातळ असल्याने दूरवर पसरतो. सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वी लांब भेगांतून वारंवार उसळलेल्या अशा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून दक्षिण ट्रॅप बनला. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व खाम नदीपलीकडील छावणी याच खडकावर वसली आहेत. देवगिरीचा शंक्वाकृती डोंगर पाहून तो ज्वालामुखी असावा असे वाटते. वस्तुतः तो आडव्या थरांचा झिजून उरलेला अवशेष असून त्याचे उभे कडे माणसाने तासलेले आहेत.

प्रवाहाचा मधला भाग सावकाश थिजल्याने घट्ट असतो, तर माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे राहतात. ती झिओलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडोनी इ. खनिजांनी भरली म्हणजे वातामकी बेसाल्ट होतो. विहीर खणणारे त्यास मांजऱ्या म्हणतात. दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातकट खडकाचा थर (बोल) आढळतो.

वेरूळच्या लेण्यांत घट्ट बेसाल्टावरील कोरीवकाम शतकानुशतके टिकले. सच्छिद्र थर व सांधे आडवे आले तेथे गळती व झीज झाली. विहिरीचे गणित याच्या उलट आहे. घट्ट पाषाणात पाणी केवळ सांध्यांतून मिळते; वातावरणक्रियेने भुसभुशीत झालेल्या मांजऱ्यात ते साठते. म्हणूनच शेजारच्या दोन विहिरींपैकी एक उन्हाळ्यात आटते व दुसरी टिकते.