मावशीचे घर आणि घराचे शेअर्स

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

"स्वतःचे घर विकायला चार लोकांची परवानगी कशाला हवी?" हा प्रश्न २०२३ च्या दिवाळीत आमच्या घरी विचारला गेला. तो आजोबांनी विचारावा याचे आम्हां सर्वांना हसू आले. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचे बावीस वर्षे सेक्रेटरी असताना आजोबांनी 'ठराव', 'ना-हरकत दाखला', 'बहुमताने संमत' या शब्दांवर जेवढे प्रेम केले, तेवढे आजीवरही केले नसेल, असे आजीच म्हणते. पण प्रश्न आमच्या सोसायटीचा नव्हता, न्यूयॉर्कच्या मावशीचा होता.

ही मावशी म्हणजे आजीची धाकटी बहीण. आई तिला मावशी म्हणते म्हणून आम्हीही मावशीच म्हणतो. ती १९७९ साली न्यूयॉर्कला गेली, एका ग्रंथालयात नोकरीला लागली आणि तेव्हापासून अप्पर ईस्ट साइडला एकाच जागेत राहिली. सेंट्रल पार्क आणि ईस्ट रिव्हर यांच्या मधला हा भाग मोठ्या श्रीमंतांचा समजला जातो. मावशीची जागा मात्र एक झोपायची खोली, एक बैठकीची, आणि दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने चहा बाहेरच मागावा एवढे स्वयंपाकघर. सत्तरी ओलांडल्यावर तिने ती जागा विकून ठाण्याला बहिणीजवळ यायचे ठरवले. आमच्याच रस्त्यावर नव्या इमारतीत फ्लॅट नोंदवला, पहिले दोन हप्तेही भरले. पुढचे हप्ते न्यूयॉर्कचे घर विकून भरायचे होते. गिऱ्हाईक मिळाले, भाव ठरला, त्याला बँकेचे कर्ज मंजूर झाले, आणि इमारतीच्या मंडळाने दोन ओळींच्या पत्राने नकार कळवला. कारण काहीच नाही.

आजोबांना हे पटेना. त्यांना समजावून सांगायचे काम माझ्याकडे आले, कारण मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि घरात सर्वांत रिकामा. मावशीने कागदपत्रांचे फोटो पाठवले. ते वाचता वाचता मला जे उमगले ते इथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मावशीचे घर मावशीचे नव्हतेच. न्यूयॉर्कमध्ये ज्याला 'को-ऑप' म्हणतात त्या पद्धतीत सबंध इमारतीची मालक एक कंपनी असते. राहणाऱ्याने त्या कंपनीचे शेअर्स घ्यायचे. घर जेवढे मोठे आणि जेवढ्या चांगल्या मजल्यावर, तेवढे शेअर्स जास्त. त्या शेअर्सच्या जोरावर कंपनी त्याला विशिष्ट घराचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा देते. त्याला 'प्रोप्रायटरी लीज' म्हणतात. म्हणजे माणूस एकाच वेळी मालकांपैकी एक आणि स्वतःच्याच कंपनीचा भाडेकरू! बँक कर्ज देते तेही घरावर नव्हे, त्या शेअर्सवर आणि पट्ट्यावर. मावशीकडे चारशे दहा शेअर्सचा एक कागद होता. त्याच्या कडेला नोटेवर असते तशी नक्षी होती.

ग्रंथालयातल्या बाईला अशा वस्तीत घर कसे परवडले, हा माझा पुढचा प्रश्न. ती आधी तिथे साधी भाडेकरू होती. १९८० च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये घरमालकांना भाड्याच्या इमारती ठेवणे नकोसे झाले होते. भाडे सरकारी नियमांनी बांधलेले, तेलाचा आणि दुरुस्तीचा खर्च वाढता. तेव्हा इमारतीचे को-ऑपमध्ये रूपांतर करायचे आणि आतल्या भाडेकरूंनाच बाहेरच्यापेक्षा स्वस्तात शेअर्स विकायचे, अशी लाटच आली. १९८२ च्या कायद्याप्रमाणे निम्म्याहून जास्त भाडेकरूंनी घरे घेतली तर उरलेल्यांना मुदतीनंतर काढता येई. कुणालाही काढायचे नसेल, तर पंधरा टक्के जागांच्या विक्रीचे करार पुरत. (२०१९ साली नियम बदलला. भाडेकरूंना काढण्याची वाट बंद झाली आणि दुसऱ्या पद्धतीलाही एक्कावन्न टक्के भाडेकरूंची तयारी लागू लागली.) मावशीने १९८६ साली आजीकडून दागिने मोडून पाठवलेले पैसे, स्वतःची शिल्लक आणि कर्ज असे मिळून शेअर्स घेतले. ही दागिन्यांची गोष्ट आजोबांना २०२३ साली प्रथमच कळली. त्यावर झालेला संवाद या लेखाच्या विषयाबाहेरचा आहे.

घर 'घेतल्यावर'ही दरमहा मेंटेनन्स भरावाच लागतो, आणि तो आपल्यासारखा पाणी-सफाईपुरता नसतो. त्यात इमारतीचा मालमत्ता कर, दरवानाचे आणि इतर नोकरांचे पगार, हिवाळ्यातल्या बॉयलरचे इंधन आणि बहुतेक ठिकाणी सबंध इमारतीवर काढलेल्या मूळ कर्जाचा हप्ता इतके सगळे येते. मावशीला दरमहा सुमारे एकोणीसशे डॉलर पडत. घर विकले जाईपर्यंत हे चालूच, आणि इकडे ठाण्याचे हप्ते वेगळे. मंडळाच्या दोन ओळींची किंमत ही अशी होती.

मंडळाला हा अधिकार आला कुठून? पट्ट्यात कलमच असते की मंडळाच्या संमतीशिवाय शेअर्स दुसऱ्याच्या नावे होणार नाहीत. १९५९ साली पार्क ॲव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या खटल्यात न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हे मान्य केले, आणि मंडळाचा हात मोकळा झाला. वंश, धर्म वगैरे कारणांवरून नाकारणे बेकायदा आहे. पण २०२३ साली शहराच्या कायद्यात कारण सांगण्याची सक्ती नव्हती. कारणच सांगितले नाही, तर ते बेकायदा होते हे सिद्ध कसे करायचे? मोठ्यांनाही हे चुकले नाही. १९७९ साली माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना याच अप्पर ईस्ट साइडला को-ऑपमध्ये घर मिळेना. शेवटी त्यांनी पासष्टाव्या रस्त्यावर स्वतंत्र घर घेतले. १९८५ साली गायिका मॅडोनाला 'सॅन रेमो' इमारतीच्या मंडळाने नाकारले. मावशीचे गिऱ्हाईक तर इस्पितळातला एक तरुण डॉक्टर. त्याने दोन वर्षांची करविवरणे, बँकेचे उतारे, मालकाचे पत्र आणि चार ओळखीच्यांची शिफारसपत्रे असे दीडशे पानांचे बाड दिले होते. त्याला मुलाखतीलाही बोलावले नाही.

"आमच्याकडे हे चालले नसते," आजोबा म्हणाले. त्यांना महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचे बाविसावे आणि तेविसावे कलम पाठ आहे. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारायचे नाही, नकार कारणांसह कळवायचा, आणि अर्जापासून तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर अर्जदार सभासद झाला असे धरायचे. वर निबंधकाकडे अपील आहेच. मी त्यांना आठवण करून दिली की २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा उपविधी वैध ठरवला; आणि आपल्या शहरांत भाडेकरूला आडनाव आणि आहार विचारणाऱ्या सोसायट्या सगळ्यांना माहीत आहेत. आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते वेगळे." कसे वेगळे, ते अजून सांगायचे आहे.

मला खरा फरक दुसरीकडे दिसतो. १८४४ सालच्या रॉचडेलच्या विणकरांपासून सहकाराचे तत्त्व 'एक सभासद, एक मत' असे आहे. आमच्या सोसायटीत पन्नास रुपयांच्या पाच शेअर्सवर आजोबांना एक मत, आणि दोन फ्लॅट जोडून राहणाऱ्या शेठनाही एकच. न्यूयॉर्कमधल्या बहुतेक को-ऑप व्यापारी कंपन्यांच्या कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, आणि तिथे मते शेअर्सप्रमाणे मोजतात. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या घराचा शब्द मावशीच्या एका खोलीपेक्षा कितीतरी जड. त्या शहरात खऱ्या अर्थाने सहकारी घरेही झाली. ब्रुकलिनमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी १९१६ साली बांधलेले 'आल्कू' किंवा ब्राँक्समध्ये शिंप्यांच्या संघटनेने १९२७ साली उभारलेली वसाहत ही त्याची उदाहरणे. पण पार्कजवळच्या इमारतींनी सहकाराचे नाव घेतले आणि रूप कंपनीचे ठेवले, असे माझे मत आहे. आमच्या सरांना ते थोडे घाईचे वाटते.

तरी मंडळाची बाजू अगदीच पोकळ नाही, हे मावशीनेच सांगितले. इमारतीवर सामाईक कर्ज असते. एकाने मेंटेनन्स थकवला तर त्याचा वाटा बाकीच्यांवर पडतो. १९३० नंतरच्या मंदीत असे होऊन कितीतरी को-ऑप बुडाल्या. "भावोजी, शेजारी निवडणे म्हणजे तिथे जामीन निवडणे असते," ती आजोबांना फोनवर म्हणाली. तिला नकाराचे खरे कारण मात्र वेगळेच वाटत होते. घाईमुळे तिने भाव कमी घेतला होता, आणि एक घर स्वस्तात गेले की सगळ्यांच्या शेअर्सचा भाव उतरतो म्हणून मंडळे असे सौदे मोडतात असे तिकडे सर्रास बोलले जाते. पण ते पत्रात नव्हते, आणि ज्या शेजाऱ्यांबरोबर तिने सदतीस वर्षे एकाच लिफ्टने ये-जा केली, त्यांच्यापैकी कुणी तोंडानेही सांगितले नाही. तिला पैशांपेक्षा याचेच जास्त लागले. मंडळाच्या अध्यक्षबाई लिफ्टमध्ये भेटल्या की हवामानाबद्दल बोलत.

दुसरे गिऱ्हाईक पाच महिन्यांनी आले, एक निवृत्त शिक्षिका. तिला कर्ज नको होते. व्याजाचे दर तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास असल्याने रोख पैसे असणारीलाच मान होता. मुलाखत वीस मिनिटे झाली आणि आठवड्यात होकार आला. विकलेल्या रकमेतून तेव्हाच्या प्रघाताप्रमाणे सहा टक्के दलालांना गेले, शहराचा आणि राज्याचा हस्तांतर कर गेला, आणि वर दोन टक्के इमारतीच्या तिजोरीत, 'फ्लिप टॅक्स' म्हणून. जिने सहा महिने खोळंबा केला तिलाच दोन टक्के! आजोबांनी हा आकडा माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. ते सेक्रेटरी असताना सोसायटी हस्तांतरणाला जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये घेऊ शके, आणि तेवढ्यावरून सर्वसाधारण सभेत खुर्च्या हलत.

ठाण्याचा एक हप्ता मधल्या काळात चुकला होता. तो आजीने भरला. कसा भरला हे कुणी विचारले नाही.

मावशी २०२४ च्या जूनमध्ये आली. चारशे दहा शेअर्सचा मूळ कागद वकिलाच्या कचेरीत परत घेऊन रद्द करतात, म्हणून तिने त्याची छायाप्रत आणली आहे. नव्या फ्लॅटची सोसायटी अजून नोंदायची आहे. हंगामी समितीच्या पहिल्या बैठकीला आजोबा सभासद नसतानाही तिच्याबरोबर गेले होते, आणि इतिवृत्त कुणी लिहायचे हा विषय निघताच त्यांनी खिशातून पेन काढले.