रात्रीच्या पाळींत दगा देणारी विजेरी व तिची दुरुस्ती

रात्रीं उसाला पाणी देण्याचें काम ज्यांच्या वांट्याला येतें त्यांस विजेरीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. शेतीपंपांची वीज पाळीनें मिळते. कांहीं दिवस ती दिवसा असते, कांहीं दिवस रात्रीं. सरकारनें सन २०१७ मध्यें सौर कृषी वाहिनीची योजना काढली व ती जेथें पोंचली तेथें दिवसा पाणी मिळूं लागलें. परंतु जेथें अद्याप पोंचलेली नाहीं तेथील शेतकऱ्यास मध्यरात्रीं उठून सरींत उतरावेंच लागतें. उसाच्या दाट पाल्यांत घोणस असते, बांधाच्या बिळांत नाग असतो, मण्यार तर रात्रींच हिंडते, आणि माळाच्या मुरमाड जमिनींत फुरसें. सर्पदंश झाल्यास दोरी आवळण्यांत व मांत्रिकाकडे जाण्यांत वेळ न दवडतां सरकारी दवाखाना गांठावा, हें ओघानें सांगून ठेवतों. तथापि दंशच होऊं नये यासाठीं पायापुढची चार हात जागा दिसली पाहिजे, आणि ती दाखविणारें साधन बहुधा शेंदीडशें रुपयांची एक हलकी विजेरी हेंच असतें.

अशीच एक विजेरी आम्हीं सोलापुरांत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेंत घेतली होती. दोन महिने तिनें उत्तम काम दिलें. पुढें एका रात्रीं दारें धरीत असतां ती उसाच्या मधोमध विझली. मांडीवर आपटली कीं पेटे, चार पावलें गेलों कीं पुन्हां विझे. पाचव्या वेळीं ती पेटलीच नाहीं. जवळच कोठें तरी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. तो घोणशीचा होता कीं पाटांतील पाण्याचा, हें आम्हांस आजही सांगतां येणार नाहीं. काठीनें जमीन आपटीत आपटीत सरीच्या तोंडाशीं येण्यास अर्धा तास लागला. सकाळीं विजेरी फेकून देण्यापूर्वीं सहज उघडून पाहिली, तों शेपटाकडील टोपणांतलें एक कडें सैल झालेलें आढळलें. तें आवळण्यास एक मिनिट लागलें व खर्च कांहींच आला नाहीं. हा लेख लिहिण्याची बुद्धि त्या दिवशीं झाली.

खेड्यांत विजेरीलाच बॅटरी म्हणण्याची रीत आहे. त्यामुळें ती बिघडली कीं दोष पोटांतल्या बॅटरीचाच, अशी समजूत होते व नवे सेल आणले जातात. वास्तविक स्वस्त विजेरींत दोष बहुधा सांध्यांत असतो. पाटाचें पाणी उसांत गेलें कीं तें विहिरींत परत येत नाहीं. विजेचें तसें नाहीं. ती सेलाच्या एका टोकांतून निघून, दिव्यांतून जाऊन, त्याच सेलाच्या दुसऱ्या टोकाशीं परत आली तरच दिवा लागतो. सेल, स्प्रिंग, खटका, धातूची नळी आणि दिवा मिळून हें एक कडें होतें. पाट फुटला तर पाणी कोठें सांडलें तें डोळ्यांस दिसतें. विजेचें कडें तुटलें तर कांहींच सांडत नाहीं. म्हणून एकेक सांधा तपासूनच तुटलेली जागा शोधावी लागते.

लक्षणांवरून निम्मा शोध लागतो. उजेड हळूहळू पिवळट किंवा मंद होत गेला तर सेल संपत आले असें समजावें. आपटल्यानें पेटते, हालविल्यानें विझते, असें असेल तर सेलांस हात लावूं नये. तो सांध्याचा दोष होय. अनेक बारीक दिव्यांपैकीं दोनतीनच विझले असतील तर तेवढेच जळाले किंवा त्यांचे टांके सुटले. आणि काल पेटणारी विजेरी आज मुळींच पेटत नसेल तर प्रथम सेल उलटे तर घातले नाहींत ना, हें पाहावें. जुन्या तारेच्या बल्बास उलटसुलट चालत असे. एलईडी दिवा एकाच दिशेनें वीज घेतो.

सेल तपासण्यास मल्टिमीटर असावा; विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानांत तो अल्प किंमतींत मिळतो. नवा साधा सेल दीड व्होल्टाहून किंचित् अधिक दाखवितो. परंतु नुसता सेल मोजून फसगत होते, कारण थकलेला बैल उभा असतां धडधाकटच दिसतो. दिवा जोडलेला असतांना मोजावें. तेव्हां आंकडा १.१ व्होल्टाच्या खालीं गेला तर तो सेल संपला. तीन सेलांत एक मेलेला असला तरी तिघांचें काम अडतें, म्हणून नवे व जुने एकत्र घालूं नयेत.

सेल पाझरून स्प्रिंगेवर क्षार जमला असेल तर तो खरवडून काढावा. साध्या जस्ताच्या सेलाचा पाझर आम्ल असतो, त्यास खाण्याच्या सोड्याचें पाणी लावावें. अल्कलाइन सेलाचा पांढरा थर त्याच्या उलट, त्यास लिंबाचा रस चालतो. पुसण्यास कापडाचा बोळा पिळून घ्यावा, ओतूं नये, व नंतर उन्हांत पूर्ण वाळवावें.

आतां सांध्यांकडे वळूं. ॲल्युमिनियमच्या नळीची व शेपटाला खटका असलेली विजेरी असेल तर एक सोपी परीक्षा आहे. मागचें टोपण काढावें, तांब्याच्या जाड तारेचें एक टोक सेलाच्या बुडाला व दुसरें नळीच्या कडेच्या उघड्या धातूला क्षणभर टेकवावें. दिवा लागला तर पुढचा सर्व भाग निर्दोष असून दोष टोपणांत आहे. न लागला तर दोष पुढें, दिव्याच्या डोक्यांत. या एका परीक्षेनें निम्मी विजेरी विचारांतून वगळतां येते. नळीवरील काळा रंग वीज वाहूं देत नाहीं. वीज जाते ती टोपणाला टेकणाऱ्या उघड्या कडेवाटे. काळ्या रानाची बारीक माती व घामट हात यांनीं तीच कडा मळते. मुलांच्या खोडरबरानें ती चमकेपर्यंत घासावी. फार मळली असल्यास बारीक पॉलिश पेपर वापरावा. आट्यांवर व्हॅसलिनचा अगदीं पातळ हात द्यावा, कडेवर मात्र नको.

टोपणाच्या आंत पाहिल्यास दोन बारीक खांचा असलेलें एक कडें दिसेल. तें खटक्याला जागेवर दाबून धरतें, आणि आमच्या विजेरींत सैल झालें होतें तें हेंच. खांचांत कंपासपेटींतील कर्काटकाचीं दोन टोकें घालून तें घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें आवळावें. स्प्रिंग बसकी झाली असेल तर चिमट्यानें किंचित् ताणावी. खटका खराब असेल तर त्याच मापाचा नवा घालावा. दुरुस्तीच्या नादीं लागूं नये.

हें सर्व बिनधोक काम झालें. मागें दोन पिना असलेल्या, थेट भिंतींतील प्लगाला लावण्याच्या विजेरीविषयीं मात्र आम्हांस खडसावून सांगितलें पाहिजे. या स्वस्त विजेरींत रोहित्र नसतें. एक लहानसा संधारक विजेची धारा अडवून धरतो, इतकेंच. २३० व्होल्टांचा आंतील प्रत्येक तारेशीं संबंध राहतो. म्हणून प्लगला लावलेली असतां ती कदापि उघडूं नये, ओल्या हातानें धरूं नये. काढल्यावरही संधारकांत सांठलेली वीज पिनांवाटे झटका देऊं शकते, यास्तव पिनांना बोट लावूं नये. चार्जिंग चालू असतां दिवाही पेटवूं नये. आंतील बॅटरी मेलेली असली तर जादा दाब सरळ दिव्यांवर येऊन ते एका क्षणांत जळतात.

अशी विजेरी ‘भरतच नाहीं’ ही तक्रार नेहमींची. एक मायक्रोफॅरडचा संधारक सुमारें ७० मिलिअँपिअरपेक्षां अधिक धारा जाऊं देत नाहीं. बॅटरी ८०० मिलिअँपिअर-तासांची असली तर ती भरण्यास ११ तासांहून अधिक लागणारच. दोन तास लावून रात्रभर उजेड मागणें हा विजेरीवर अन्याय आहे. पुरता वेळ देऊनही भरत नसेल तर ती प्लगपासून काढून, थोडा वेळ थांबून उघडावी व शिशाची बॅटरी मोजावी. चार व्होल्टांची म्हणून विकली जाणारी बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारें ४.२ व्होल्ट दाखविते. ती साडेतीन व्होल्टांखालीं महिनोन् महिने पडून राहिली कीं पत्र्यांवर क्षार धरतो व ती मरते. पाणी देण्याचा हंगाम संपल्यावर विजेरी तशीच फेकून ठेवणें हें या मरणाचें मुख्य कारण. महिन्यांतून एकदां भरून ठेवल्यास तें टळतें. लिथियमचा सेल असेल व तो फुगलेला दिसला तर वापरूं नये, टोंचूं नये, आणि कडब्याच्या गंजीजवळ चार्जिंगला कोणतीच विजेरी लावूं नये.

मेलेली बॅटरी शिशासाठीं फोडून विकणारे लोक आहेत. तसें करूं नये. आंतील आम्ल व शिसें दोन्ही विषारी आहेत. नवी घेतांना जुनी दुकानदाराकडे द्यावी. बॅटरींच्या कचऱ्याविषयीं सन २०२२ मध्यें झालेल्या नियमांनीं ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

वैशाखांत पत्र्याच्या मोटारघरांत इतकी धग असते कीं तेथें टांगलेली बॅटरी लवकर निकामी होते. आमची विजेरी आतां घरांत माजघराच्या खुंटीला असते. पाळीच्या आदल्या संध्याकाळीं आम्ही ती पेटवितों, मांडीवर दोनदां आपटून पाहतों, आणि जरा लुकलुकली तरी त्या रात्रीं शेजाऱ्याची मागून नेतों.