दुसरा टप्पा पेटवायचा कधी? हौशी रॉकेटविषयीचे पाच गैरसमज

जत्रेच्या दारूकामातला बाण एका वातीवर वर जातो आणि संपतो. दोन टप्प्यांच्या हौशी रॉकेटचं तसं नाही. खालची मोटर जळून संपली, की वरची आकाशात पेटवावी लागते, तीही नेमक्या वेळी. गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या ज्या मुलांच्या हाती आज अर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे, त्यांना हे काम चार ओळींच्या कोडचं वाटेल. ते तसं का नाही, ते पाहू.

गैरसमज १ : इलेक्ट्रॉनिक्सशिवाय दुसरा टप्पा पेटतच नाही.

वस्तुस्थिती : पेटतो. काळ्या दारूच्या छोट्या कारखानी मोटरींमध्ये खालच्या मोटरला विलंबाचा थर नसतो. इंधन संपताना ज्वाला वरच्या बाजूने फुटते आणि थेट पुढच्या मोटरच्या तोंडात शिरते. मोठ्या रॉकेटमधल्या संमिश्र इंधनाच्या मोटरींना ही सोय नाही. त्यांचं इंधन आतून पेटवावं लागतं, म्हणून तिथे इग्नायटर, बॅटरी आणि वेळ ठरवणारं सर्किट लागतं.

गैरसमज २ : बटण दाबलं, की टायमर सुरू करायचा.

वस्तुस्थिती : बटण दाबणं म्हणजे उड्डाण नव्हे. पहिली मोटर उशिरा पेटू शकते किंवा पेटतच नाही. तेवढ्यात टायमर पुढे गेला, तर रॉकेट जमिनीवर आणि माणसं जवळ असतानाच दुसरा टप्पा पेटेल. म्हणून टायमर सुरू करायचा तो त्वरणमापकाच्या सांगण्यावरून. त्यातही एखादा झटका पुरेसा नाही. हातातून निसटलेलं रॉकेटही झटका देतं. ठरावीक मर्यादेवरचं त्वरण काही काळ सलग टिकलं, तरच उड्डाण झालं असं मानायचं.

गैरसमज ३ : सेकंद अचूक मोजले, की काम झालं.

वस्तुस्थिती : या समजुतीची किंमत भारताने मोठ्या रॉकेटवर मोजली आहे. इस्रोच्या एएसएलव्हीला बाजूला दोन जोडमोटरी होत्या. त्या विझल्यावर मधला मुख्य टप्पा पेटायचा. २४ मार्च १९८७ च्या पहिल्या उड्डाणात तो पेटलाच नाही. १३ जुलै १९८८ च्या दुसऱ्या उड्डाणात पेटला, पण जोडमोटरींचा जोर ओसरण्याच्या आणि मुख्य टप्पा जोर धरण्याच्या मधल्या क्षणी रॉकेटवरचं नियंत्रण अपुरं पडलं. हवेचा रेटा ऐन भरात असताना हे घडलं आणि रॉकेट मोडलं. तिसऱ्या उड्डाणाआधी इतर सुधारणांबरोबर पेटवण्याचा निर्णयही बदलला. आधीच ठरवलेल्या सेकंदावर विसंबण्याऐवजी जोडमोटरींचा जोर प्रत्यक्ष ओसरला, हे उड्डाणातच ओळखून मुख्य टप्पा पेटवायचं ठरलं. २० मे १९९२ चं ते उड्डाण यशस्वी झालं.

हौशी रॉकेटलाही हेच लागू. एकाच जातीच्या दोन मोटरी तंतोतंत सारख्या जळत नाहीत. आज्ञा मिळाल्यावर मोठ्या मोटरला पूर्ण दाब धरायला सेकंदाचा बराच भाग लागू शकतो. त्यामुळे टायमर असावाच, पण अंतिम शब्द त्याचा नसावा.

गैरसमज ४ : थोडा उशीर झाला तर बिघडत नाही; पेटलं म्हणजे झालं.

वस्तुस्थिती : सरळ वर जाणारं रॉकेट गुरुत्वाकर्षणामुळेच दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग गमावतं. खालची मोटर संपताना वेग ६० मीटर प्रतिसेकंद असेल, तर तीन सेकंदांत जवळजवळ निम्मा जातो. हवेचा विरोध वेगळाच. थोडं थांबणं कधी फायद्याचंही असतं, कारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढणारा हवेचा विरोध त्यामुळे वाचतो. मात्र वेग फार उतरला, की पंखांना दिशा धरता येत नाही.

त्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटला, की पंखांचं रॉकेट वारा येतो त्या दिशेला तोंड वळवतं. उभ्या रेषेपासून ३० अंश कलल्यावर दुसरा टप्पा पेटला, तर जोराच्या ५० टक्क्यांइतका रेटा आडवा लागतो. म्हणून चांगलं सर्किट पेटवण्याआधी तीन गोष्टी तपासतं: पहिली मोटर खरोखर संपली का, अपेक्षित उंची गाठली का आणि कल मर्यादेत आहे का. उंची कळते वायुदाबमापकावरून. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने उतरला, तर साधारण आठ मीटर चढण झालेली असते. तिन्हींपैकी एक उत्तर जरी ‘नाही’ आलं, तरी टप्पा पेटवायचा नाही. न पेटलेलं रॉकेट पॅराशूटने उतरवता येतं.

गैरसमज ५ : पेडण्यातला सडा मोकळा, डिचोलीतल्या खाणी ओसाड, तिथे उडवायला हरकत काय?

वस्तुस्थिती : पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं उडतात. खाणीची जमीन रिकामी दिसली, तरी बिनमालकाची नसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॉकेटचं इंधन घरी बनवणं बेकायदा आणि जिवावर बेतणारं आहे. १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. मोटर अधिकृत, जागा आणि हवाई हद्द परवानगीची, देखरेख जाणत्यांची, हाच रस्ता. केंद्र सरकारच्या इन-स्पेस या अंतराळविषयक संस्थेने २०२५ साली उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा घेतली, ती अशाच चौकटीत.

तोवर शिकणं थांबवायचं कारण नाही. इग्नायटरच्या जागी एलईडी लावा आणि सर्किट टेबलावर तपासा. ते हलवा, तिरपं धरा, बॅटरी क्षणभर काढून परत लावा. एवढं करूनही एलईडी लागता कामा नये. आणि तो योग्य वेळी लागला, तरी इग्नायटर पेटेलच असं समजू नका, कारण इग्नायटर कितीतरी जास्त करंट ओढतो आणि त्या झटक्याने बॅटरीचा व्होल्टेज पडून मायक्रोकंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. म्हणून दोघांना वेगळी बॅटरी द्या. योग्य वेळी पेटवणारं सर्किट हुशार खरं, पण नको तेव्हा न पेटवणारं सर्किटच विश्वासाचं.