तराजू, तराजू, खरं सांग!

ओळख पाहू! नाशिकमध्ये अशी कुठली माणसं आहेत, जी पहाटे सायकलवर बसतात आणि थेट दुसऱ्या दिवशी घरी उगवतात?

ही आहेत ब्रेव्हेवाली मंडळी! ब्रेव्हे म्हणजे लांबच लांब सायकलफेरी. २०० किलोमीटरची असते, ३००ची असते, ४००ची असते आणि ६००चीसुद्धा! ६०० किलोमीटरला वेळ मिळतो ४० तास. म्हणजे मध्ये एक अख्खी रात्र आलीच. आणि नियम मोठा कडक. अंधार पडला की सायकलला पुढे-मागे दिवा हवाच हवा!

नाशिकचेच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन. दोघे भाऊ! २०१५ साली ते ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत उतरले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर! एक भाऊ सायकल चालवणार, तोवर दुसरा विश्रांती घेणार, मग अदलाबदल. सायकल मात्र रात्रंदिवस पळतेय. आणि नऊ दिवसांच्या आत पोचलेसुद्धा!

अशा लोकांच्या पायांचं कौतुक सगळेच करतात. आपण आज दिव्याचं करूया. खरं म्हणजे दिव्याच्या पोटातल्या बॅटरीचं!

आजोबांना विचार, त्यांच्या सायकलला डायनामो होता का? चाकाला घासत फिरायचा आणि दिवा लागायचा. बॅटरी नको, काही नको! पण सायकल थांबली की दिवा गुल. चढावर हळू चालवली की दिवाही मिणमिणता. आताचे झगझगीत दिवे मात्र आपली वीज सोबत घेऊन निघतात, एका छोट्याशा पॅकमध्ये.

हा पॅक उघडायचा नाही हं, अजिबात नाही! आत काय असतं ते मीच सांगते. आत असतात गुबगुबीत सेल, बऱ्याचदा चार. या सेलला म्हणतात १८६५०. काय हे नाव, पिनकोडच जणू! पण गंमत बघ. १८ म्हणजे १८ मिलीमीटर जाडी. ६५ म्हणजे ६५ मिलीमीटर लांबी. आणि शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल नळीसारखा आहे. पट्टी घेऊन वहीवर काढून बघ, खऱ्या मापाचा सेल तयार!

या सेलमध्ये असतं लिथियम. सगळ्या धातूंत हलकं! सेल वापरात असताना लिथियमचे बारीक कण एका बाजूच्या थरातून दुसऱ्या बाजूच्या थरात जातात. विजेच्या कणांना मात्र आतून जायला बंदी! ते बिचारे बाहेरच्या तारेतून लांबचा फेरा मारतात, आणि वाटेत दिवा पेटवतात. चार्जिंग केलं की सगळे उलटे मागे, आपापल्या जागी! अशा बॅटऱ्या १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आल्या. ज्यांच्या संशोधनातून त्या घडल्या, त्या तिघांना २०१९ साली नोबेल मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा किती वर्षांचे होते, सांग? ९७! त्यांच्याइतक्या वयाच्या कुणालाही त्याआधी नोबेल मिळालं नव्हतं.

बरं, आता दुकानात जाऊ. पॅकवर दोन आकडे दिसतील. एक व्होल्टचा आणि एक एमएएचचा. मोठ्ठा आकडा बघून उडी मारायची नाही!

गच्चीवरची पाण्याची टाकी आठव. टाकी जितकी उंच, तितकं नळाला पाणी जोरात. तो जोर म्हणजे व्होल्ट. आणि टाकीत पाणी किती मावतं, ते म्हणजे एमएएच. एकाच आकड्याने सगळं कसं कळणार? दोन्हींचा गुणाकार करायचा!

समज, दोन पॅक आहेत. दोन्हींवर ५२०० एमएएच लिहिलंय. पण एक ३.७ व्होल्टचा आणि दुसरा ७.४ व्होल्टचा. सारखेच वाटतात ना? छे! दुसऱ्यात दुप्पट वीज आहे, दुप्पट! ५२०० एमएएचला हजाराने भागलं की ५.२ अँपिअर-तास. ७.४ गुणिले ५.२ बरोबर साधारण ३८. याला म्हणायचं ३८ वॉट-तास. तुझ्या उपयोगाचा खरा आकडा हाच!

झगझगीत दिवा साधारण १० वॉट खातो. ३८ भागिले १०, म्हणजे पावणेचार तासांच्या आसपास. अरेच्चा! रात्र तर दहा-बारा तासांची!

मग ब्रेव्हेवाले काय करतात? दिवा मंद करतात! घाट चढताना सायकल हळू असते, समोरचा खड्डा दिसायला वेळ मिळतो. तिथे ३ वॉट पुरतात, आणि ३ वॉटवर हाच पॅक बारा तास चालतो. इगतपुरीहून कसारा घाट उतरायला लागलं की मात्र दिवा पूर्ण मोठा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला १० मीटर पुढे जाते. ‘एक’ म्हणेपर्यंत दहा मीटर!

आता माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. एक सच्चा १८६५० सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, आणि चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजार एमएएचच्या आसपास वीज मावते. तरी बाजारात काही सेलवर चक्क ९९०० छापलेलं असतं! खोटं, साफ खोटं! एवढ्याशा नळीत एवढं मावतच नाही. काही बनावट सेलमध्ये तर आत इवलासा सेल आणि बाकी पांढरी पूड भरलेली सापडते.

मग चोर पकडायचा कसा? स्वयंपाकघरातला वजनकाटा आण! चार सेलचा पॅक असेल, तर वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास किंवा थोडं जास्तच हवं. काट्याने १२० दाखवले? पकडला चोर! पण थांब, वजन बरोबर आलं म्हणजे पॅक सच्चा, असं नाही हं. वाळू भरूनही वजन वाढवता येतं. लबाड लोक फार हुशार असतात.

म्हणून दुसरी परीक्षा. पॅक पूर्ण चार्ज कर, दिवा लाव आणि घड्याळ बघ. इथे एक गंमत आहे. सायकलचा दिवा वाऱ्यावर थंड होतो! टेबलावर नुसता ठेवून पूर्ण मोठा केला तर चांगलाच तापेल. म्हणून समोर पंखा लावायचा, आणि आई-बाबा किंवा ताई-दादाला सोबत घ्यायचं. पावणेचार तास चालायला हवा, आणि दीड तासात बंद पडला? मग आकड्याचं काय ते समजलंच!

घेताना पॅकवर बीआयएसची, म्हणजे सरकारी मानकाची, खूण आहे का बघ. चार्जर त्याच पॅकचा हवा, दुसरा नको. उशीखाली ठेवून चार्जिंग कधीच नाही. पॅक फुगलेला दिसला तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं. आणि एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात बंद गाडीत विसरायचा नाही, उकाड्याने बॅटरी लवकर म्हातारी होते. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धीच भरून ठेव. हो, अर्धीच! काठोकाठ भरून ठेवलेली तिला सोसत नाही.

चल, आता पेन्सिल घे. एका पॅकवर लिहिलंय ७.४ व्होल्ट, ४४०० एमएएच. दुसऱ्यावर लिहिलंय ३.७ व्होल्ट, ८००० एमएएच. दोन्ही सच्चे आहेत, किंमतही सारखीच. सांग, कुठला घेशील?