खाकीतले दिवस (लेखांक ५) : पहाटेच्या शिट्टीपासून शेकोटीपर्यंत

गेल्या आठवड्यात आपण स्काउटचा संघ म्हणजे काय ते पाहिलं. सहा ते आठ मुलांची एक तुकडी, त्यांच्यातलाच एक संघनायक, आणि असे काही संघ मिळून होणारं पथक. वर्गात फळ्यावर काढून दाखवली तर ही रचना पाच मिनिटांत समजते. अंगी मात्र बाणते ती शिबिरात. म्हणून आज शिबिराचा एकच दिवस घेऊ, आणि दिवसभर मनात एकच प्रश्न ठेवू : आत्ता हे काम नेमकं कोण करतंय?

या दिवसाचा साचा फार जुना आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाचं बंदर आहे, त्या बंदराच्या पाण्यात ब्राउनसी नावाचं छोटं बेट आहे. १९०७ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल तिथं सुमारे वीस मुलं घेऊन राहिले. काही मुलं ईटन, हॅरोसारख्या श्रीमंत शाळांतली होती, तर काही बोर्नमथ आणि पूल इथल्या बॉइज ब्रिगेड या मुलांच्या संघटनेतली, साध्या कष्टकरी घरांतली. श्रीमंतांच्या मुलांना फी एक पौंड आणि बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. त्या काळी वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे, म्हणजे ही फी जवळपास सहापट कमी. तरीही तंबू सगळ्यांना सारखेच आणि जेवणही तेच. मुलांचे चार संघ केले : लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे. प्रत्येक संघाच्या खांद्यावर वेगळ्या रंगाची फीत. फी कोणी किती भरली हे त्या फितीवरून कळायची सोय नव्हती.

रोज सकाळी सहाला बेडन-पॉवेल स्वतः कुडूचं शिंग फुंकून मुलांना उठवत. कुडू म्हणजे मळसूत्रासारख्या पिळाच्या शिंगांचं आफ्रिकेतलं हरीण. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचं ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक सहा भागांत निघालं आणि शिबिर कसं भरवायचं हे जगभरच्या मुलांना घरबसल्या वाचायला मिळालं. आज आपल्याकडच्या एखाद्या शाळेच्या पथकाचं वेळापत्रक पाहिलं तर शिंगाच्या जागी शिट्टी आणि कोकोच्या जागी चहा एवढाच फरक दिसतो.

पहाट

आपल्याकडे उन्हाळी शिबिर मे महिन्यात भरलं तर सहापर्यंत थांबून चालत नाही. अकरानंतर ऊन अंगावर येतं, म्हणून शिट्टी पाचलाच वाजते. उठल्यावर पहिलं काम म्हणजे अंथरूण उचलून बाहेर उन्हाच्या दिशेला पसरणं. यामागे शिस्तीइतकंच आरोग्याचंही कारण आहे. रात्रभराच्या घामाचा ओलावा कापडात राहिला की दुसऱ्या रात्री अंग खाजतं, आणि अंथरूण झटकलं की आत शिरलेला किडा-मुंगी वेळीच दिसतो. मग ‘बी.पी. सिक्स’, म्हणजे बेडन-पॉवेल यांनी सांगितलेले सहा व्यायाम. त्यांना साहित्य लागत नाही, चादरीएवढी जागा पुरते.

इथपर्यंत शिक्षकांचं काम एका शिट्टीचं असतं. बाकी सगळं संघनायक बघतो. कोण उठलं नाही, कोणाचं पोट बिघडलंय, कोणाला घरची आठवण येऊन रात्री रडू आलं, हे त्याला आधी कळतं. कारण तो त्याच तंबूत झोपलेला असतो.

तपासणी

झेंडावंदनाच्या आधी तपासणी असते. नखं, दात, गणवेश हे तर आहेच, पण जुना शिक्षक आधी तंबूच्या मागे जाऊन खड्डे बघतो. प्रत्येक संघाच्या चुलीजवळ दोन खड्डे असतात, एक कोरडा आणि एक ओला. कोरड्यात साली, कागद, उष्टं. वर दरवेळी माती लोटायची. ओल्या खड्ड्याच्या तोंडावर काटक्यांची जाळी आणि तिच्यावर गवताचा थर. भांडी धुतलेलं पाणी त्या गवतावर ओतायचं. तेल आणि खरकटं गवताला धरून राहतं, पाणी खाली जिरतं. हे गवत रोज बदलायचं आणि जुनं जाळून टाकायचं. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी माश्या येतात आणि तिसऱ्या दिवशी अख्खं पथक पोट धरून बसतं. स्वच्छता कशासाठी, हे मुलाला या खड्ड्यापाशी एकदाच सांगावं लागतं.

मग बघायची मांडणी. ताटं, पातेली जमिनीवर राहू नयेत म्हणून मुलं बांबूची मांडणी बांधतात, एकही खिळा न वापरता. उभ्या बांबूला आडवा बांबू काटकोनात धरतात आणि त्याच्या किंचित खाली उभ्यालाच क्लोव्ह हिच ही गाठ मारतात. मग दोरी आडव्याच्या पुढून आणि उभ्याच्या मागून अशी फिरवत तीन-चार वेढे देतात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या शेजारी बसायला हवा. अंगावर चढला की बांधणी सैल पडते. त्यानंतर दोरी दोन्ही बांबूंच्या मधून, त्या वेढ्यांभोवतीच दोन-तीन वेळा आवळून घेतात. याला फ्रॅपिंग म्हणतात, आणि सगळी ताकद त्यात आहे. शेवटची क्लोव्ह हिच आडव्या बांबूवर. ही झाली स्क्वेअर लॅशिंग. नवीन मुलगा वेढे उत्साहाने देतो आणि आवळताना कंटाळतो. दुपारी ताटं ठेवली की मांडणी हळूहळू तिरकी होते. त्याला कोणी काही बोलायची गरज पडत नाही. तो स्वतःच दोरी सोडतो आणि पुन्हा बांधायला बसतो.

चूल

शिबिराचं खरं केंद्र म्हणजे संघाची चूल. काही शिबिरांत हल्ली आचारी लावतात, सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. अडचणी मला माहीत आहेत. पालकांना धास्ती असते, वेळ कमी असतो, सरपण मिळत नाही. तरीही मी कळवळून सांगेन की निदान एका वेळचा स्वयंपाक संघाच्या हाती द्या. चूल काढून घेतली तर शिबिराची सहल होते.

चूल लावताना आधी वारा बघायचा आणि तिचं तोंड वाऱ्याकडे करायचं. सरपण आधीच तीन ढिगांत निवडून ठेवायचं : काडीएवढ्या काटक्या, बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या. अधीर मुलगा जाड लाकडाखाली कागद पेटवतो, धूर करतो आणि काड्यापेटी संपवतो. ज्याने ढीग नीट लावलेत त्याची चूल एका काडीत पेटते. पातेलं चुलीवर चढवण्याआधी त्याला बाहेरून ओला साबण किंवा मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि धुताना लेपाबरोबर निघून जाते. हे आपल्या आजींना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी दर शिबिरात हा संवाद ठरलेला.

“सर, तांदूळ किती घेऊ?”

“तुमच्या संघात किती जण?”

“आठ.”

“घरी चौघांना आई किती घेते?”

पोरगा गप्प होतो. बारा-तेरा वर्षं रोज भात खाल्ला, पण आई डब्यातून किती वाट्या काढते हे कधी बघितलेलं नसतं. शेवटी कोणीतरी अंदाजाने सांगतो आणि एक किलोवर येऊन ठरतं. पहिल्या दिवशी भात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. तिसऱ्या दिवशी मऊ, मोकळा होतो. शिबिराहून परतल्यावर किती आयांनी मला सांगितलं असेल की पोरगा जेवून उठला आणि स्वतःचं ताट घासायला गेला!

आणखी एक गोष्ट चुलीपाशीच घडते. वेगवेगळ्या वाड्या-वस्त्यांवरची, वेगवेगळ्या घरांची मुलं एका पातेल्यातलं वाढून घेतात. भात करपला तर सगळ्यांचाच करपतो. ब्राउनसीच्या तंबूंत श्रीमंत आणि कष्टकरी घरांतली पोरं एकत्र झोपली, तेच काम आपल्याकडे पंगत करते.

ब्राउनसीत रोज रात्री एक संघ पाळीने मुक्कामापासून दूर जाई. शिधा सोबत असे, पण कच्चा : पीठ, मांस, बटाटे, चहा. चूल पेटवायची, रांधायचं, पहारा लावायचा, सगळं स्वतः. बेडन-पॉवेल यांनी पीठ मळून काठीला गुंडाळून विस्तवावर भाजायची रीत शिकवली होती. आपल्या शिबिरांतही भांड्याविना स्वयंपाक असतो. विदर्भातल्या मुलांना तो शिकवावा लागत नाही. गोवरीच्या आरावर रोडगे आणि पानांत गुंडाळून भाजलेले पानगे त्यांनी शेतात खाल्लेले असतात. अशा वेळी वर्गात मागे बसणारा पोरगा अचानक संघाचा गुरू होतो. शिबिराने त्याला ती जागा दिलेली असते.

दुपार

जेवणानंतर सक्तीची विश्रांती. ब्राउनसीतही ती होती. मुलांना हा तास नकोसा वाटतो, पण पडून राहिल्याशिवाय संध्याकाळचे खेळ आणि रात्रीचं जागरण झेपत नाही. ऊन उतरलं की माग काढणं, होकायंत्र, प्रथमोपचार, आणि दिवसाआड सेवा. गावची विहीर, शाळेचं अंगण, देवळाचा परिसर, जिथे मुक्काम केला तिथलं काहीतरी काम.

सेवेवरचा हा भर आपल्या स्काउट चळवळीत मुळापासून आहे. भारतात १९०९ पासून पथकं निघाली ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होतं. ते उघडण्यासाठी मद्रासकडे ॲनी बेझंट आणि उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. मालवीयजींच्या संघटनेच्या नावातच ‘सेवा समिती’ होतं. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे आजीव कार्यकर्ते. ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही संघटना झाली, तेव्हा पहिले राष्ट्रीय आयुक्त तेच झाले. शिबिरातला मुलगा विहिरीभोवतीचा चिखल काढतो, तेव्हा त्याच्या नकळत पुण्याच्या त्या परंपरेला त्याचा हात लागलेला असतो.

शेकोटी

संध्याकाळी संघनायक शिक्षकांबरोबर गोल करून बसतात. याला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. आज काय चुकलं, कोणाला मदत हवी, उद्या पाणी कोणी भरायचं, हे तिथं ठरतं. चौदा वर्षांचा मुलगा तिथं स्वतःच्या संघाची बाजू मांडायला शिकतो, आणि दुसऱ्याची ऐकूनही घेतो.

अंधार पडला की शेकोटी. तिला एक चढ-उतार असतो. ज्वाळा उंच असतात तेव्हा आरोळ्या, नकला, टाळ्यांचे प्रकार. लाकडं खाली बसू लागली की गाणी संथ होतात. निखारे उरतात तेव्हा एखादी गोष्ट, मग प्रार्थना. शेवटी जाताना कोणी ओरडत नाही. विस्तवावर पाणी ओतून, राखेत हात फिरवून, ती गार झाल्याची खात्री करायची आणि मगच तंबूकडे वळायचं.

रात्र

झोपण्याआधी एक काम उरतं, आणि त्याची गोष्ट माझ्या स्वतःच्या पहिल्या शिबिरातली आहे. मी सहावीत होतो. आमच्या तंबूचे तणावे अंबाडीच्या दोरीचे होते. अशी दोरी भिजली की आखडते. म्हणून रात्री तणाव्यावरचा लाकडी ठोकळा सरकवून दोरी जरा सैल सोडायची असते. नाहीतर पाऊस आला की ती ताणून मेखाच उपटून काढते. (आजची नायलॉनची दोरी उलट वागते. भिजली की ती सैलावते, म्हणून पावसात तिला पुन्हा ताण द्यावा लागतो.) त्या रात्री तणावे सैल करायची पाळी माझी होती. शेकोटीच्या आनंदात मी ते विसरलो.

मध्यरात्री वळीव आला. एकामागून एक मेखा सुटल्या आणि ओलं कापड आठ जणांच्या अंगावर आलं. आम्ही चाचपडत बाहेर आलो. सर आधीच तिथं उभे होते, डोक्यावर पोतं घेऊन, हातात बॅटरी. मला वाटलं, आता हे मेखा ठोकतील आणि मला ओरडतील. त्यांनी मोगरी माझ्या हातात दिली. आमचा संघनायक मेख धरून चिखलात बसला, बाकीच्यांनी खांब उचलून धरला. पावसाच्या माऱ्यात एक-एक करून मी सगळ्या मेखा ठोकल्या. त्या पूर्ण वेळात सर एक शब्द बोलले नाहीत. उजेड तेवढा मी ठोकत होतो त्या मेखेवर धरून राहिले.

पुढे शिक्षक होऊन मी बरीच वर्षं पथक चालवलं. शिबिराला निघताना माझ्या पिशवीत सगळ्यात आधी बॅटरी जायची.

(पुढच्या आठवड्यात : पाच गाठी आणि त्या कुठे कामी येतात)