जडसंग्रहाचे राखणदार

विद्यापीठाचे वैभव सांगताना ग्रंथसंपदा, प्रयोगशाळा आणि पदवीधरांची नामावली यांचा उल्लेख अगत्याने होतो. परंतु त्या वैभवाचा नगवार हिशेब ज्या जाडजूड वहीत उतरलेला असतो, त्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीचे आणि ती सांभाळणाऱ्या भांडारपालाचे नाव सहसा कोणी काढीत नाही. दफ्तरात तिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात. खरेदीचा दिनांक, देयकाचा क्रमांक, पुरवठादार, नग, दर, किंमत असे रकाने ओलांडून नजर शेवटी शेऱ्यापाशी येते, आणि तेथे कधीकाळी एक शब्द पडतो : निर्लेखित, म्हणजे वहीतून बाद. खरेदीची नोंद कोणताही होतकरू कारकून करील. निर्लेखनाच्या शब्दामागे मात्र परीक्षा, निर्णय आणि जबाबदारी उभी असते, आणि हे काम विद्येच्या कामापासून वेगळे काढता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

जीर्ण काय आणि उपयुक्त काय, हे ठरविण्याची शिस्त या मुलखाला परकी नाही. ज्या रायगडावरून अठरा कारखाने आणि बारा महाल यांचा कारभार चालला, त्याच राज्याचे अमात्य रामचंद्रपंत यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जो दंडक आहे, त्यात रयतेच्या आंबा-फणसास हात न लावण्याची ताकीद असून, जे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तेही धन्यास राजी करून, मोल देऊनच तोडावे, असा आशय आहे. वस्तू कामातून गेली म्हणून तिच्यावरचा हक्क आणि तिचे मोल संपत नाही, हा न्याय तेथे स्पष्ट दिसतो.

आज रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे १९८९ च्या अधिनियमाने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत महाविद्यालये आहेत. या किनाऱ्यावर भांडारपालाचा पहिला वैरी म्हणजे हवा. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कपाटाचा तळ खालून पोखरला जातो, तेलरंगाने घातलेला जडसंग्रह क्रमांक गंजाच्या पापुद्र्यासह गळून पडतो, आणि मग वहीत असलेली वस्तू समोर असूनही ओळखीला मुकते; त्यात पावसाळ्याची ओल, वाळवी आणि ३ जून २०२० रोजी येथेच धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळासारखा प्रसंग आला, की पडताळणीचे काम दुपटीने वाढते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील जुना पितळी तराजू घ्या. त्याची लाकडी पेटी फुगून दार बसत नाही, पितळेवर हिरवट कळा चढलेली असते, आणि घाईत असलेला माणूस ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून मोकळा होतो; पण दांडी उचलून पाहिली, तर जिच्यावर ती तोलली जाते ती अकीकाची धार जशीच्या तशी निघते, कारण अकीकास गंज माहीत नाही. असा तराजू नादुरुस्त आहे, निरुपयोगी नव्हे. हा भेद ज्यास कळतो तोच खरा भांडारपाल.

नियमांची वाण नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे स्थिर मालमत्तेची मोजदाद वर्षातून एकदा तरी व्हावी लागते; वस्तू अतिरिक्त, कालबाह्य किंवा नादुरुस्त का ठरली, याची कारणे लेखी द्यावी लागतात; आणि उरलेली किंमत दोन लाखांवर असेल तर जाहीर निविदा किंवा लिलाव करावा लागतो. ग्रंथालयाच्या बाबतीत हे नियम विलक्षण समंजस आहेत : वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले, आणि त्यात लबाडी वा हयगय नसेल, तर ते नुकसान वाजवी मानले जाते, परंतु दुर्मिळ ग्रंथ हरवला तर किंमत कितीही असो, चौकशी चुकत नाही. राज्याच्या विद्यापीठांना वेगळी लेखासंहिता असते. संगणकांचे आणखी निराळे : १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांमुळे मोठ्या संस्थांना असा माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्प्रक्रिया करणारे यांच्याकडेच द्यावा लागतो, कारण जुन्या पडद्याच्या काचेत शिसे असते; शिवाय तबकड्यांत विद्यार्थ्यांची माहिती असते.

परंतु काय टाकू नये, हे या नियमांत सापडत नाही. त्याचा धडा अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसुया ढळणार, हे ओळखून तेथील संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली अलिबागेस चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या वेधगृहांच्या बांधकामात लोखंड वर्ज्य होते, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुन्या-नव्याची सांगड घातली गेली. कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले, तरी तेथील नोंदी टाकल्या गेल्या नाहीत. त्या नोंदींत २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाने मुंबईत चुंबकीय क्षेत्रात झालेली सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नमूद होती, आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्या आधारे त्या वादळाची तीव्रता जगापुढे मांडली. या संशोधनात ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ होते, तिचे मुख्यालय आज याच जिल्ह्यात, नवीन पनवेल येथे आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या आकड्यांच्या वह्या एखाद्या निर्लेखन समितीपुढे केवळ ‘जुने कागद’ म्हणून आल्या असत्या, तर ही माहिती रद्दीच्या भावाने गेली असती.

काय ठेवावे आणि काय टाकावे, हे एकट्याने ठरविण्याचे काम नाही; म्हणूनच अमेरिकेतील विद्यापीठांच्या अतिरिक्त मालमत्ता व्यवस्थापकांची जी संघटना आहे, आणि तिचे सभासद परिषदेच्या निमित्ताने जे एकत्र येतात, त्याचे मला मोल वाटते. तेथे मिशिगन स्टेटसारख्या विद्यापीठांनी अशा मालासाठी स्वतंत्र दुकान उघडून तो सर्वसामान्यांस विकण्याची वहिवाट पाडली आहे. आपल्याकडे प्रत्येक भांडारपाल आपला निर्णय एकट्याने, लेखापरीक्षकाच्या धास्तीने घेतो. चुकून फेकले तर विचारणा, जपून ठेवले तरी जागेची तक्रार. लोणेऱ्याच्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र २०१४ च्या अधिनियमाने साऱ्या महाराष्ट्रावर पसरले आहे, तेव्हा तेथे पावसाळा सरल्यावर राज्यातील भांडारपालांचा मेळावा भरविणे काही अवघड नाही. त्यात भाषणे थोडी व्हावीत. प्रत्येकाने आपल्याकडच्या अतिरिक्त जिनसांची यादी आणि दुसरी हव्या असलेल्या जिनसांची यादी आणावी. लोणेऱ्याच्या कार्यशाळेतून बाद होणारे लेथयंत्र एखाद्या तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेस हस्तांतरित करावयाचे झाल्यास कोणाची मंजुरी लागते आणि जमाखर्च कसा टाकावा, याचा एक नमुना सर्वांनी मिळून ठरवावा. आणि लिलावाच्या ढिगात जाण्यापूर्वी जुनी उपकरणे, वेधवह्या व नकाशे जाणत्या माणसाच्या नजरेखालून जावेत, असा ठराव करून तो शासनाकडे पाठवावा.