साठ हजारांची पुडी

आठवड्याच्या ठरल्या वारी रात्रीच्या जेवणानंतर पेलाभर दुधात ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी ढवळून ती घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती देण्याचा परिपाठ आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत आता इतका रुळला आहे की, ती कोणी, कोणत्या कारणास्तव आणि किती मुदतीकरिता लिहून दिली होती, याचा तपशील पुष्कळदा घरात कोणासच ठाऊक नसतो. मूळ चिठ्ठी केव्हाच गहाळ झालेली असते, आणि औषधाचा दुकानदार ओळखीचा असल्यामुळे तोही ती मागत नाही.

ड जीवनसत्त्वाची कीर्ती प्रथम पसरली ती मुलांच्या मुडदुसामुळे. १९१९ साली इंग्लंडात एडवर्ड मेलॅनबी यांनी मुडदूस झालेल्या कुत्र्याच्या पिल्लांवर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण दाखवून दिला, आणि त्याच साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी त्याच व्याधीची मुले अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून बरी केली. तेल आणि प्रकाश या दोन भिन्न उपायांचे फळ एकच का, याचा उलगडा पुढे झाला: त्वचेतील एका स्निग्ध द्रव्यावर अतिनील किरण पडले म्हणजे हे जीवनसत्त्व तेथेच निर्माण होते, यकृतात व मग मूत्रपिंडात त्याच्यावर संस्कार होतात, आणि अखेर त्याच्या प्रभावाने आतडी अन्नातील कॅल्शियम शोषून घेतात.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठविलेले असते, तेव्हा हाडांना शरीराचा खजिना म्हटले तर वावगे होणार नाही. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण घसरले तर स्नायू व मज्जातंतू यांचा कारभार बिघडतो. सबब अन्नातून होणारी जमा कमी पडताच पराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक या खजिन्यातून उचल करू लागते, आणि ही उचल वर्षानुवर्षे चालू राहिली म्हणजे हाड आतून पोकळ व ठिसूळ होत जाते. ड जीवनसत्त्वाचा अभाव तीव्र असेल तर मांड्यांचे स्नायूही दुबळे होतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागणे, ही लक्षणे आपण ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून सोडून देतो, ती क्वचित या अभावाचीही असतात.

वार्धक्यात त्वचेतील ते मूळ द्रव्यच घटते आणि उन्हात जाणेही कमी होते. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे हा आपल्या वाडवडिलांचा उपदेश सुखद खरा, परंतु या कामाला लागणारे किरण तिरप्या उन्हात फारच अल्प असतात, ते मिळतात सूर्य बराच वर आल्यावर. आणि गॅलरीला सरकत्या काचा लावून त्यांच्याआड वर्तमानपत्र वाचीत बसणाऱ्या आजोबांना ऊब लाभते, पण ड जीवनसत्त्व जवळजवळ मुळीच लाभत नाही, कारण काच ते किरण अडविते.

पुडीने हाडे मोडावयाची थांबतात काय, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर घेणारा कोण आहे यावर अवलंबून आहे. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३,२७० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा वृत्तान्त १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८४, ऊन बेताचे, आहारात कॅल्शियम तोकडे. त्यांतील निम्म्यांना दररोज ८०० युनिटे ड जीवनसत्त्व आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम देण्यात आले, तेव्हा अठरा महिन्यांत खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाहून ४३ टक्क्यांनी कमी भरले. याउलट अमेरिकेत २५,८७१ प्रौढ व वृद्धांवर झालेल्या प्रयोगात रोज २,००० युनिटे पाच वर्षांहून अधिक काळ देऊनही अस्थिभंग कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष २०२२ साली जाहीर झाला. या लोकांची निवड करताना अभाव हा निकष नव्हता, आणि बहुतेकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व आधीच पुरेसे होते. माझ्या मते या दोन निकालांत विसंगती मुळीच नाही. उणे होते तेथे भर पडली, नव्हते तेथे ती वाया गेली.

मोठी मात्रा एकदाच देऊन वर्षाची तजवीज करावी, हा विचार मोहक आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठलेल्या २,२५६ स्त्रियांवर त्याची परीक्षा झाली. ज्यांना वर्षातून एकदा ५,००,००० युनिटे दिली, त्या इतरांपेक्षा १५ टक्के अधिक वेळा पडल्या, आणि त्यांचे अस्थिभंगही २६ टक्क्यांनी अधिक झाले, असे २०१० साली दिसून आले. आपल्याकडचा धोका आणखी निराळा: आठवड्याची पुडी समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतली गेली, किंवा वर इंजेक्शनेही टोचली गेली, म्हणजे रक्तातील कॅल्शियम भलतेच चढून उलट्या, मलावरोध, बुद्धिभ्रम आणि मूत्रपिंडास इजा इथपर्यंत मजल जाते. साठ वर्षांपुढील माणसाच्या असंबद्ध बडबडीचे कारण शोधताना औषधांचा डबा उघडून पाहावा तो यासाठीच.

ज्याच्या खुब्याचे वा मणक्याचे हाड किरकोळ पडण्याने एकदा मोडले आहे, त्याला मात्र केवळ पुडीवर ठेवणे हा हलगर्जीपणाच होय. त्याच्यासाठी हाडांची झीज रोखणारी स्वतंत्र औषधे आहेत; त्यांपैकी झोलेड्रॉनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेतून देतात. ते देण्यापूर्वी ड जीवनसत्त्वाचा अभाव भरून काढावा लागतो, कारण या औषधाने हाडांतून होणारी उचल एकाएकी थांबते, आणि आतड्यांतून पुरेशी आवक नसेल तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.